शहराच्या बारशाची सुट्टी

कॅनबेरा, सोमवार

ती. बाबा आणि ती. आईस,

कृ. सा. न. वि. वि.

मी इथे खुशाल आहे, काळजी नसावी. आई, खोकला गेला. रविवारी फोनवर ऐकलास तो खोकला नव्हता, चहाचा ठसका लागला होता. डबा रोज नेते, रात्री वेळेवर झोपते. मेतकूट अजून उरलंय. भाकरवडी मात्र पहिल्याच आठवड्यात संपली, ऑफिसात उघडायलाच नको होती. बाकी रोजचं तुम्हाला माहीतच आहे, तेच ते.

फोन करायचा सोडून हे लांबलचक मेल कशाला, असं आईच्या मनात आलंच असेल. घाबरू नकोस, काही झालेलं नाही. फोनवर आजी मध्येच "कधी येतेस" विचारते, दादाला ऑफिसचा कॉल येतो, बाबा स्पीकर लावायला जातात आणि फोन कट करून बसतात. व्हॉट्सॲपवर लिहावं तर बाबा दोन ओळी वाचून अंगठा पाठवतात. म्हणून हे पत्र. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढायला सांगा म्हणजे आजीलाही वाचता येईल. शेवटचं पान तिच्या हातात द्यायचं की नाही, ते आधी तुम्ही दोघं वाचून ठरवा.

आज इथे सुट्टी आहे, कॅनबेरा डे. शहराचं बारसं झालं १२ मार्च १९१३ ला, पण सुट्टी मार्चच्या दुसऱ्या सोमवारी देतात, म्हणजे शनिवार-रविवारला जोडून मिळते. सकाळी अंधारातच आम्ही तलावाकाठी गेलो होतो. या दिवसांत तिथून गरम हवेचे भलेमोठे फुगे सोडतात. आम्ही म्हणजे ऑफिसातले दोघं-तिघं. स्वेटर घातला होता, कानाला स्कार्फही होता.

बाबा, पर्वतीवरच्या मंडळींसमोर तुमची पंचाईत झाली म्हणालात. "मुलगी ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत असते" म्हटल्यावर कुणीतरी "म्हणजे सिडनीला" म्हणालं आणि मग सगळे मिळून तुम्हालाच समजावायला लागले. पुढच्या वेळी त्यांना हे ऐकवा.

१ जानेवारी १९०१ ला इथल्या सहा वसाहती एकत्र येऊन एक देश झाला. देश झाला, पण राजधानीवरून सिडनी आणि मेलबर्न हटून बसलेले. सिडनी म्हणे आम्ही जुने, मेलबर्न म्हणे आम्ही श्रीमंत. शेवटी राज्यघटनेतच कलम घातलं, १२५ वं. राजधानी न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्याच राज्यात होईल, पण खुद्द सिडनीपासून किमान शंभर मैल लांब. आणि तिथे संसद भरेपर्यंत मेलबर्नला बसेल. दोघांना थोडं दिलं, दोघांचं थोडं काढून घेतलं, आणि दोघंही सारखेच नाराज झाले. त्यातलं ते "तोपर्यंत" मेलबर्नला चांगलंच लाभलं. संसद तिथून हलायला १९२७ साल उजाडलं.

मधल्या काळात जागेचा जो घोळ चालला तो तुमच्या सिटी सर्व्हेच्या ऑफिसातल्या माणसालाच कळेल. १९०२ मध्ये सिनेटर मंडळी आगगाडीनं, घोडागाडीनं गावोगाव हिंडली. कुठलं पाणी बरं, कुठली हवा बरी. १९०४ मध्ये डलगेटी नावाचं एक खेडं चक्क कायदा करून पक्कं केलं. पण ते सिडनीपासून फार दूर आणि मेलबर्नकडे झुकलेलं, म्हणून न्यू साउथ वेल्स सरकारनं ते मान्यच केलं नाही. कायदा झाला, जागा नाही! पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. १९०८ मध्ये मतदान होऊन यास-कॅनबेरा हा मुलूख ठरला, सगळा मेंढ्यांच्या कुरणांचा. मग चार्ल्स स्क्रिव्हनर नावाच्या सर्व्हेअरनं मोजणी केली. बाबा, तुम्हाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे, त्यांनी प्रदेशाची पश्चिमेकडची हद्द पाणलोटावरून धरली. कॉटर नदीला ज्या डोंगरांवरून पाणी येतं ते डोंगर आत घेतले, म्हणजे उद्या पाण्यासाठी शेजारच्या राज्याचं तोंड बघायला नको. नकाशावर त्या बाजूची रेघ वेडीवाकडी दिसते ती त्यामुळे. तुम्ही इथे आलात की तो नकाशा तुम्हाला दाखवायचाच आहे.

आई, तुझ्या थंडीच्या काळजीचं मूळही यातच आहे. तेव्हाच्या पुढाऱ्यांना राजधानी थंड हवेतच हवी होती. थंडीत माणसं कणखर निपजतात, उकाड्यात आळशी, असं त्यांचं ठाम मत. यात सगळ्यात पुढे किंग ओमॅली. किंग हे त्याचं नाव, पदवी नाही. संसदेत उठून तो थंड हवेचे आणि बुद्धीचे गोडवे गायचा. माणूस बहुधा अमेरिकेत जन्मलेला, पण तसं कबूल केलं तर इथे निवडणूक लढवता येईना, म्हणून कॅनडात जन्मलो असं सांगायचा. तर या ओमॅलीच्या हट्टापायी मला जुलैत शून्याखालच्या रात्री काढाव्या लागतात. पण घरात हीटर आहे, गादीवर घालायची इलेक्ट्रिक चादर आहे, आणि नाही, तिचा शॉक बसत नाही.

हाच ओमॅली पुढे गृहखात्याचा मंत्री झाला, आणि दारूचा कट्टर विरोधक. नव्या प्रदेशात त्यानं दारूविक्रीला बंदीच केली. ती १९२८ पर्यंत टिकली. तोवर लोक हद्दीपलीकडच्या क्वीनबियनला जाऊन पिऊन येत. आज गावाच्या मध्यभागी एक बार आहे, त्याचं नाव किंग ओमॅली! मी तिथे ऑफिसच्या पार्टीला फक्त जेवायला गेले होते.

आता नावाची गंमत. राजधानीला नाव सुचवा म्हटल्यावर लोकांनी शेकड्यांनी नावं पाठवली. कुणी म्हणालं ऑलिंपस. कुणी गहू, लोकर आणि सोनं एकत्र करून "व्हीटवूलगोल्ड". कुणी कांगारू आणि इमू यांची मोट बांधून "कांगारेमू". आणि एकानं सगळ्या राज्यांच्या राजधान्यांची डोकी तोडून एकापुढे एक लावली, "सिडमेलॅडपर्ब्रिशो". मी ते पाठ केलंय. ओमॅलीच्या मनात "शेक्सपिअर" होतं. एवढा सगळा उपद्व्याप करून शेवटी ठेवलं कुठलं, तर त्या जागेला आधीपासून होतं तेच. १८२० च्या दशकापासून तिथल्या मेंढपाळीच्या वाडीचं नाव कॅनबेरी होतं, ते इथल्या मूळच्या लोकांच्या, म्हणजे नन्नवालांच्या आणि न्गांब्रींच्या मुलखातून आलेलं. आत्याबाईंनी पाटावर बसून कानात सांगायचं आणि मुलाला ते आधीच ठाऊक, अशातला प्रकार.

बारसंही थाटात झालं. आज संसद आहे त्या टेकडीवर मांडव, घोडदळ, बँड. तीन पायाचे दगड बसवायचे होते, एक गव्हर्नर जनरल डेनमन यांनी, एक पंतप्रधान फिशर यांनी आणि एक आपल्या ओमॅलीनं. दगड बसवायला सोन्याच्या थाप्या! बाबा, कसब्यातला सोन्याचा नांगर आठवला ना? मला तर लगेच आठवला, आणि तुम्ही लहानपणी आम्हाला लाल महालासमोर उभं करून सांगायचात तेही. मग बाराच्या सुमारास लेडी डेनमन पुढे आल्या, सोन्याच्या सिगारेटच्या डबीतून एक कार्ड काढलं आणि त्यावरचं नाव वाचलं. त्यांनी "कॅन" वर जोर दिला, तेव्हापासून इथले लोक "कॅन्‌ब्रा" म्हणून मोकळे होतात. तुम्ही कॅनबेराच म्हणा, काही बिघडत नाही. त्या तीन दगडांवर पुढे मोठा खांब उभा राहायचा होता, तो कधीच उभा राहिला नाही. पैसे संपले, महायुद्ध आलं, नेहमीची कारणं.

शहराचा आराखडा मात्र नशिबानं चांगला मिळाला. जगभरातून मागवले होते, १३७ आले. ब्रिटिश वास्तुकारांच्या संघटनेनं बहिष्कार टाकला होता, कारण शेवटचा निकाल ओमॅली देणार आणि बक्षीस पहिल्याला १,७५० पौंड, म्हणजे कामाच्या मानानं किरकोळच. १९१२ मध्ये पहिला आला शिकागोचा वॉल्टर बर्ली ग्रिफिन. त्यानं ही जागा तोपर्यंत डोळ्यांनी पाहिलेलीसुद्धा नव्हती, इथून पाठवलेल्या नकाशांवरून सगळं केलं. आणि ती जी सुंदर चित्रं परीक्षकांना भावली ती त्याची बायको मेरियन माहोनी ग्रिफिन हिनं काढलेली. तीही शिकलेली वास्तुकार. आज तिचं नाव जरा घेतात, पूर्वी तेवढंही नव्हतं. एका डोंगरापासून दुसऱ्या डोंगरापर्यंत सरळ रेघ मारायची, तिला काटकोनात पाण्याची रेघ, आणि मध्ये शहर, अशी कल्पना. तुम्ही माउंट एन्स्लीवर उभे राहिलात की युद्धस्मारक, तलाव, जुनी संसद, नवी संसद एका ओळीत दिसतात. पाहून तुमच्यातला मोजणीदार खूश होईल.

ग्रिफिनचं इथल्या साहेबलोकांशी काही पटलं नाही. आराखडा त्याचा, पण प्रत्येक कागद कुणीतरी अडवून ठेवायचा. १९२० मध्ये तो या कामातून बाहेर पडला. ज्या तलावाभोवती त्यानं शहर कल्पिलं तो भरला १९६४ मध्ये. त्याला नाव दिलं लेक बर्ली ग्रिफिन. आणि हा माणूस गेला कुठे माहीत आहे? लखनौला! विद्यापीठाच्या लायब्ररीचा आराखडा करायला १९३५ मध्ये बोलावलं होतं. तिथेच रमला, कामावर कामं मिळत गेली, बायकोही मागाहून गेली. फेब्रुवारी १९३७ मध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि त्यातच गेला. पुरलंय तिथेच, आणि कित्येक वर्षं त्या जागेवर साधा नावाचा दगडही नव्हता. ऑस्ट्रेलियाची राजधानी आखणारा माणूस लखनौच्या ख्रिस्ती दफनभूमीत! मला हे इथल्या कुठल्या फलकावरून नाही कळलं, ऑफिसातल्या एका लखनौच्या मुलानं सांगितलं. त्याच्या घरापासून जवळच आहे ती दफनभूमी.

१९२७ च्या ९ मे ला संसद अखेर इथे आली. ड्यूक ऑफ यॉर्क स्वतः आले. माणसं येतील म्हणून डोंगरभर खाणं करून ठेवलं, माणसं आली त्याहून खूप कमी, उरलेलं पुरून टाकावं लागलं. आजीला सांगा, ती हळहळेल. पण त्या दिवशीची मला लक्षात राहिलेली गोष्ट वेगळी आहे. जिमी क्लेमेंट्स नावाचा विराजुरी जमातीचा म्हातारा डोंगर ओलांडून पायी आला होता, अनवाणी, बरोबर कुत्री. पोलीस त्याला हाकलायला लागले, कपडे बरे नाहीत म्हणून. गर्दीतले लोक त्याच्या बाजूनं ओरडले आणि पोलिसांना गप्प बसावं लागलं. त्याचा फोटो आहे, संसदेच्या पायऱ्यांजवळचा. सगळे सुटाबुटात, आणि तो ज्या थाटात उभा आहे तो पाहुण्याचा थाट नाही.

आता मुख्य. बाबा, मागच्या वेळी तुम्ही फोनवर जे म्हणालात ते माझ्या मनात घोळतंय. "नव्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा म्हणजे भाडंच की! आयुष्य भाडेकरू म्हणून काढलं ते पोरीनं तिकडे जाऊन पुन्हा भाडेकरू व्हावं म्हणून?" तुमचं म्हणणं मला कळतं. सदाशिव पेठेतल्या वाड्यात मालकानं भाडं घ्यायचं बंद केल्यावर आजोबा दर महिन्याला मनीऑर्डर करायचे आणि ती परत आली की पावती जपून ठेवायचे, कोर्टात दाखवायला. त्या पावत्या अजून लोखंडी ट्रंकेत आहेत, मी पाहिल्यात. जिन्यातला दिवा काढून न्यायचे, नळाची वेळ बदलायचे, हे सगळं ऐकत मी मोठी झालेय.

पण इथे सगळ्यांचंच लीज आहे, बाबा. गरीब-श्रीमंत, दुकानं, वकिलाती, कुणाचीच जमीन कायमच्या मालकीची नाही. १९१० च्या कायद्यातच लिहून ठेवलं की राजधानीच्या प्रदेशातली सरकारी जमीन विकायची नाही, फक्त पट्ट्यानं द्यायची. कारण काय, तर राजधानी होणार म्हटल्यावर सटोडिये आधी जमिनी घेऊन ठेवतात आणि सरकारनं रस्ते, पाणी, शाळा केल्या की त्यांचं फावतं. तो फायदा सरकारी तिजोरीत यावा, हा हेतू. पहिल्या पट्ट्यांचा लिलाव झाला १९२४ मध्ये. पूर्वी जमिनीचं वार्षिक भाडं भरावं लागायचं, ते घरांसाठी १९७१ पासून नाममात्र झालं, मागितलं तर वर्षाला पाच सेंट, आणि मागायला कुणी येत नाही. मुदत संपली की पट्टा नवा करून मिळतो. घर विकता येतं, बँक त्यावर कर्ज देते, मुलाबाळांना देता येतं. मी वकिलाकडून वाचून घेतलंय, तुमच्या सगळ्या शंका तिला इंग्रजीत विचारल्या, "नळाची वेळ" सोडून. पुण्यात बिल्डरनं हवेत विकलेल्या चौथ्या मजल्यापेक्षा हे बरंच पक्कं आहे, असं माझं मत. रागावू नका.

या पट्ट्यापायीच इथे एक प्रकार आहे जो मला अजून पचलेला नाही. आई, नीट वाच, कारण फोटो पाठवला तेव्हा तू "बांधकाम अर्धवट आहे का" विचारलंस. घराला पुढच्या बाजूनं कंपाउंडच नाही. भिंत नाही, गेट नाही, ग्रिल नाही, तारसुद्धा नाही. जुन्या भागांत तर बांधायला परवानगीच नाही. शहर बागेसारखं दिसावं म्हणून सुरुवातीलाच ठरलेलं. झुडपांचं कुंपण लावलेलं चालतं, त्यासाठी पूर्वी सरकारच रोपं द्यायचं. मागच्या बाजूला कुंपण असतं, उंच आणि लाकडी, तिथे कुणी काही म्हणत नाही. पण पुढे काय, तर आधी रस्ता, मग गवताचा एक पट्टा, मग फुटपाथ, मग पुन्हा गवत, मग एकदम आपलं दार. यातला रस्त्याकडचा गवताचा पट्टा आपला नाही, सरकारचा आहे. त्यावरचं झाडही सरकारचं, फांदी तोडायची नाही. पण त्यावरचं गवत कापायचं कुणी? आपण. आपल्या मशीननं, आपल्या पेट्रोलनं, आपल्या रविवारी, सरकारी जमिनीवरचं गवत! मी विचारलं, नाही कापलं तर दंड होतो का? तसं काही नाही म्हणे. मग का कापता? यावर उत्तर नाही, नुसतं हसतात.

मग एकदा कळलं. शेजारच्या आजीबाई, आपल्या आजीच्या वयाच्या, हातात मशीन घेऊन त्यांच्या पुढचं गवत कापत आल्या. जिथे त्यांची हद्द संपते आणि माझ्या भाड्याच्या घराची सुरू होते तिथे थांबल्या, वळल्या आणि परत गेल्या. भिंत नाही, दगड नाही, खूण नाही, पण गवतात दोरी लावल्यासारखी सरळ रेघ. अलीकडे भादरलेलं, पलीकडे माझं घोट्यापर्यंत. त्या काही बोलल्या नाहीत, हात हलवून "छान हवा आहे" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन मागून आणलं. बाबा, मोजणीचे दगड उपटून टाकणारी माणसं तुम्ही आयुष्यभर बघितलीत, इथे या रेघेचं काय करायचं?

आणि आई, पुढे गेट नाही म्हणून चोर येतात असं काही नाही. दारं दणकट आहेत, दोन कुलपं आहेत, रात्री ट्राम स्टॉपपासून घर पाच मिनिटांवर आहे आणि रस्त्यावर दिवे आहेत. एकटी नसते.

तर, बातमी. घर घेतलं. म्हणजे कागद झालेत, ताबा गुढीपाडव्यानंतर मिळेल. तुम्ही म्हणाल मुहूर्त चुकला, पण इथल्या बँकेला पाडवा कळत नाही. गुंगाहलीनला आहे, नव्या वस्तीत, जोडघर, दोन खोल्या आणि मागे लिंबाचं झाड. आपली बरीच माणसं आहेत तिथे, किराणा दुकानात कढीपत्ताही मिळतो. वीस टक्के रोख भरले, बाकी कर्ज, हप्ता इथे पंधरवड्याला असतो आणि तो पगारातून सुखानं जातो. बाबा, सहकारी बँकेतली एफडी मोडून पाठवतो म्हणालात, ती अजिबात मोडू नका. ती आजीच्या गुडघ्यासाठी ठेवा. दादाला दर महिन्याला पाठवते तेही चालू राहील, घराचा आणि त्याचा काही संबंध नाही. ऑपरेशनला मी येणार, रजा टाकलीय, तिकीट या आठवड्यात काढते. मागच्या वेळी आजोबांच्या वर्षश्राद्धालाही येते म्हणाले होते, ते मला आठवतंय, तुम्ही कुणी बोलला नाहीत तरी. दवाखान्याच्या फेऱ्या दादा आणि वहिनीच करतात. वहिनीला म्हणावं, मी आल्यावर तिनं आठवडाभर माहेरी जावं, आजीचं मी बघेन. भावजयीचे आभार मानायची आपल्याकडे पद्धत नाही, पण मला मानायचेत.

घर घेतलं म्हणजे आता तिकडेच, असं आई मनात धरून बसेल. तसं नाही. पट्टा नव्याण्णव वर्षांचा आहे, माझा बेत नव्याण्णव वर्षांचा नाही. पण परत कधी, ते मला आज सांगता येत नाही, आणि खोटं सांगावंसं वाटत नाही. पत्र लिहायला घेतलं ते खरं यासाठीच.

आणि कोथरूडच्या मावशीनं आणलेलं स्थळ. मुलगा चांगला आहे, फोटो पाहिला, पत्रिका जुळते असं तू म्हणतेस. त्यांना नाही कळवा. त्याच्यात काही कमी नाही असं आवर्जून सांगा, मावशीचा मान राहायला हवा. बाबा कर्जाचे कागद मागतीलच, म्हणून आधीच सांगते. कागदांवर दोन नावं आहेत. दुसरं नाव मी वर दोन-तीनदा "ऑफिसातला" म्हणून लिहिलंय त्याचं, आईच्या लक्षात केव्हाच आलं असेल. लखनौचा आहे, घरी आई-वडील आणि एक बहीण, वडील शाळेत शिकवायचे. घरच्यांना सगळं माहीत आहे. अंडं खातो, तेवढं तर आपला दादाही खातो. वीस टक्क्यांत त्याचे निम्मे आहेत आणि हिशेबाचा कागद केलेला आहे, बाबा, सह्यांसकट. लग्न कधी, कुठे, कसं, हे तुम्ही आणि त्याच्या घरचे मिळून ठरवा, मला फक्त पुण्यात हवंय. मी आजीच्या ऑपरेशनला येईन तेव्हा तोही चार दिवस येईल, हॉटेलात उतरेल. घरी उतरवायचं की नाही हे तुम्ही म्हणाल तसं.

रागावलात तरी फोन उचला. बाबांनी औषध वेळेवर घ्यावं, आईनं एकादशीचे उपास कमी करावेत. आजीला सा. न., दादा-वहिनीस नमस्कार, छोट्याला पापा. पत्राचं उत्तर फोनवर नको, लिहून पाठवा, चार ओळी चालतील.

तुमची,
चिमी

ता. क. तो चार वर्षं पुण्यात शिकायला होता, कर्वेनगरला राहायचा. मराठी बोलताना अडखळतो, पण कळतं सगळं. तेव्हा आई, फोनवर "मागे कोण कडमडतंय" वगैरे जरा बेतानं.